मित्राने लग्नाचे फोटो काढायला सांगितलेत, लेन्स कुठली घेऊ?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मित्राचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, फोटोचं काम त्याने तुझ्यावर टाकलंय, तुझ्याकडे क्रॉप सेन्सरची (म्हणजे लहान सेन्सरची) एक कॅमेरा बॉडी, तिच्यासोबत आलेली १८-५५ झूम लेन्स आणि एक ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, आजवर काढलेत ते डोंगर, पक्षी आणि घरचे वाढदिवस, आणि तुला हवंय काय तर कुठली नवी लेन्स घेतली म्हणजे फोटो प्रोफेशनल दिसतील. वयाने लहान वाटतोयस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. मी चौदा वर्षं लग्नं शूट करतेय आणि तुझ्यासारखीच एका मैत्रिणीच्या लग्नात, उसन्या कॅमेऱ्यावर सुरुवात केली होती, त्यामुळे पोटातला गोळा ओळखीचा आहे.

खरं सांगू का, तुझा प्रश्न लेन्सचा नाहीये. डोंगराचा फोटो चुकला तर उद्या पहाटे परत जाता येतं, इथे तो क्षण गेला की गेला, आणि त्याचीच भीती तुला वाटतेय. ती भीती कमी करायची म्हणून आपण वस्तू विकत घेतो, मीही घेतल्यात. पण पहिल्या लग्नात सुंदर फोटो काढणं हे तुझं काम नाहीच. तुझं काम म्हणजे जे फोटो असायलाच हवेत त्यातला एकही कमी पडता कामा नये आणि ते स्पष्ट, उजेडात, डोळे उघडे असलेले हवेत. एवढं जमलं की सुंदर फोटो मधूनमधून आपोआप येतात, दहावीस तरी येतातच. उलटं केलंस, म्हणजे सुंदरच्या मागे लागलास, तर घरच्यांचा एकत्र फोटोच नाही असं होतं, आणि ते कुणी विसरत नाही.

आता हो म्हणावं की नाही, हे अवलंबून आहे. दुसरा कुणी पैसे घेऊन काम करणारा फोटोग्राफर येणार असेल आणि तू फक्त जास्तीचा, तर डोळे झाकून हो म्हण, त्याला आधी फोन कर, त्याच्या मध्ये येऊ नकोस आणि मजा कर, शिकायला याहून चांगली संधी नाही. तू एकटाच असशील तर मित्राला समोर बसवून तू घरात, दिव्याच्या उजेडात काढलेले माणसांचे वीसतीस फोटो दाखव, त्यात फसलेलेही ठेव, डोंगर दाखवू नकोस. ते बघून तो म्हणाला चालेल, तर पुढे जा. आणि साधारण किती फोटो देणार, कधी देणार, एडिट करून देणार की कसे, हे एका मेसेजमध्ये लिहून पाठव. मैत्रीत कशाला लिहायचं असं वाटेल, पण "मला वाटलं तू अल्बमपण करून देणार" या एका वाक्यावरून अबोला धरलेली माणसं मी पाहिलीत.

माझ्या पहिल्या लग्नातली गोष्ट सांगते. मुख्य विधी चालू होता, मी लांब उभी, माझ्याकडे एकच बॉडी, आणि मला वाटलं इथे जरा टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावूया म्हणजे चेहरे जवळून येतील. लेन्स काढली, झाकण दातात धरलं, दुसरी लेन्स बॅगेतून काढून फिरवतेय तर ती बसेना, जुळवायचा लाल ठिपका कुठे दिसेना, आणि तेवढ्यात टाळ्यांचा आवाज. मान वर केली तर सगळं झालेलं. माझ्याकडे त्या क्षणाचा जो फोटो आहे त्यात टाळ्या वाजवणारे हात आहेत आणि हातांच्या मागे कुठेतरी नवरा-नवरी. मैत्रीण काही बोलली नाही, पण तिने अल्बममधलं ते पान रिकामंच ठेवलं होतं, बरीच वर्षं.

त्यावरून मी जे शिकले ते आजपर्यंत पाळते. एक, महत्त्वाच्या पंधरावीस मिनिटांत लेन्स बदलायची नाही, आधीच ठरवायचं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, पुढे काय होणार हे आपल्याला पाहुण्यांच्या आधी माहीत पाहिजे. विधी जो कुणी चालवणार आहे त्याला आदल्या दिवशी भेट किंवा फोन कर आणि सरळ विचार, क्रम काय, दोघांची तोंडं कुठे असणार, नेमक्या कुठल्या क्षणी लोक उठणार, मी किती जवळ आलो तर चालेल, फ्लॅश चालेल का. ही माणसं आनंदाने सांगतात, कारण न विचारता मधे घुसणाऱ्या फोटोग्राफरचा त्यांना वैताग असतो. मग त्या क्षणाच्या दोन मिनिटं आधी जागेवर जाऊन उभं राहायचं. चांगल्या लग्न-फोटोग्राफरचं निम्मं कौशल्य योग्य जागी आधी पोचण्यात असतं, बटण तर कुणीही दाबतं.

जागा बघायला जाशील तेव्हा लग्नाच्याच वेळेला जा. संध्याकाळचं लग्न आणि तू सकाळी बघून आलास तर काही उपयोग नाही, खिडकीचा उजेड तेव्हा नसणार. तिथे गेल्यावर एक साधी गोष्ट कर, कॅमेरा बाहेरही काढू नकोस, हाताची मूठ डोळ्यांसमोर चेहऱ्याच्या उंचीवर धर आणि जागेवरच हळूहळू गोल फीर. मुठीवर सावली कशी पडते ते बघत राहा. एका दिशेला उजेड वरून पडेल, बोटांच्या खाली काळ्या रेघा दिसतील, तसाच चेहरा आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. थोडं फिरलास की एका बाजूने मऊ उजेड येईल, सावली हळूच विरघळत जाईल, तिथे थांब. दिवसभरात जेव्हा जेव्हा उभं कुठे करायचं हे तुझ्या हातात असेल तेव्हा माणसांना त्या दिशेला तोंड करून उभं करायचं. बाहेर भर दुपारचं ऊन असेल तर मूठ सांगेलच की सावलीत जा.

आता लेन्सकडे येते, नाहीतर म्हणशील मूळ प्रश्न सोडून सगळं सांगितलं. तुझी १८-५५ झूम केल्यावर ५५ ला एफ ५.६ होते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). त्याच ठिकाणी तुझी ५० एमएम एफ १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे एखाद्या हॉलमध्ये झूमवर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० लागत असेल तर त्याच शटरच्या वेगाला ५० वर साधारण ६४० मध्ये काम होतं, एवढा फरक. तेव्हा आतल्या कमी उजेडातली तुझी मुख्य लेन्स तुझ्याकडे आधीच आहे. अडचण एवढीच की क्रॉप सेन्सरवर ५० ही फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ७५-८० सारखी वागते, छोट्या खोलीत पाठ भिंतीला लागते तरी चार माणसं मावत नाहीत. म्हणून मी तुझ्या जागी असते तर विकत काहीच घेतलं नसतं, क्रॉपसाठी असलेली १७-५० किंवा १७-५५ एफ २.८ भाड्याने घेतली असती, आणि तीही लग्नाच्या दिवशी सकाळी नाही, चार दिवस आधी, म्हणजे तिची झूम रिंग कुठल्या बाजूला फिरते हे हाताला कळेल. हसू नकोस, या रिंगपायी फोटो गेलेत लोकांचे.

पण लेन्सपेक्षाही मी दुसरी बॉडी मागून आणायला सांगेन. कुठलीही, जुनी चालेल, तुझ्याच माउंटची, म्हणजे तुझ्या लेन्स बसतील अशी, असली म्हणजे झालं. कॅमेरा पडतो, शटर अडकतं, कार्डचा स्लॉट रुसतो, आणि लग्न तुझ्यासाठी थांबत नाही. शिवाय एकावर झूम आणि दुसऱ्यावर ५० लावलीस की लेन्स बदलायचा प्रश्नच मिटला. फक्त आदल्या रात्री दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी सेकंदापर्यंत जुळवून ठेव, नाहीतर नंतर कॉम्प्युटरवर नवरी आधी निघून जाते आणि मग येते.

सेटिंगबद्दल फार तात्त्विक बोलत नाही. शटरचा आकडा, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं तो, डोक्यात ठेव, बाकी सगळं त्याच्यामागून. माणसं उभी किंवा बसलेली असतील तर १/१२५ च्या खाली जायचं नाही, चालत येत असतील तर १/२५०, नाचत असतील तर १/५००. आयएसओ ऑटोवर टाक आणि कमीतकमी शटर बांधून दे, बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय असते. आयएसओ वाढला तर ग्रेन येईल, येऊ दे, ग्रेन साफ करायची सॉफ्टवेअर आता खूप चांगली आहेत पण हललेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट सरळ होत नाही. नवशिके आयएसओला घाबरून शटर १/३० वर नेतात आणि मग सगळं लग्न हललेलं. कॅमेऱ्यातली इमेज स्टॅबिलायझेशन तुझा हात स्थिर करते, समोरच्या माणसाला नाही, हे लोक विसरतात.

तुझा कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर आवाज नको म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होईल. बाहेर ठीक, पण एलईडी दिव्यांखाली जपून. बरेच स्वस्त दिवे आपल्याला स्थिर दिसतात पण सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा, काही तर त्याहून जास्त वेळा, कमीजास्त होत असतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचतं, त्यामुळे फोटोत आडवे काळे-उजळ पट्टे येतात. छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत, घरी आल्यावर दिसतात. जागा बघायला जाशील तेव्हाच दिवे लावायला सांगून दोन्ही शटरने एकेक फोटो काढ आणि मोठा करून बघ. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर आणि अँटीफ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याशी जुळवून घ्यायची सोय) चालू, तरीही राहिले तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/१००, ६० ची असेल तिथे १/१२५ च्या आसपास ठेवून बघ.

फ्लॅशबद्दल तू काही लिहिलं नाहीस. कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश वापरूच नकोस, चेहरा सपाट आणि मागे काळोख. डोकं वळणारा वेगळा फ्लॅश मिळाला तर छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे मार, उजेड पसरून मऊ होऊन येतो. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तरच हां. हिरव्या भिंतीवर मारलास तर सगळी मंडळी हिरवी, लाकडी छतावर मारलास तर निम्मा उजेड छतच खाऊन टाकेल, आणि फार उंच छत असेल तर उजेड खाली पोचेपर्यंत संपलेला, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. फ्लॅशच्या साध्या मोडमध्ये शटर १/२०० च्या वर नेऊ नकोस, काही बॉड्यांना २५० चालतं, नाहीतर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी. तीन आठवड्यांत हे हाताला बसत नसेल तर फ्लॅश घरी ठेव, त्याने मला वाईट वाटणार नाही.

रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, यावर वाद नको. हॉलमध्ये पिवळा दिवा, मंचावर एलईडी, खिडकीतून दिवसाचा उजेड असं सगळं एकत्र असतं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसण्याचा हिशेब, जागेवर नीट लागणं अवघड. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६, म्हणून रॉ ओढताण सहन करतो. आणखी एक, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या जगाला मधल्या राखाडी रंगाचं समजतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरे कपडे असले की फोटो अंधारा आणि काळे असले की नको तितका उजळ होतो, तेवढं उजेडाचं प्लस-मायनस हाताने करायचं. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, डोळे अंधाराला सरावलेले असल्याने काळा फोटोही छान उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघ.

आता ग्रुप फोटो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरच्यांच्या भिंतीवर लागतात ते हेच, आणि नवशिक्याची फजिती होते तीही इथेच. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या लग्नात मी दिवसभर एफ १.८ च्या प्रेमात होते, मागचं सगळं कसं लोण्यासारखं वितळतंय, आणि त्याच नादात तीन रांगांचा ग्रुप १.८ वर काढला. पुढची रांग धारदार, मधली बरी, आणि मागच्या रांगेत उंच म्हणून उभे केलेले नवरीचे मामा पार धुरकट. तिने फोटो बघून पहिला प्रश्न तोच विचारला, मामा असे का दिसतात? ज्यांनी तिला वाढवलं ते मामा. तेव्हा एफचा आकडा वाढवायचा म्हणजे मागचेही स्पष्ट येतात, एका रांगेला एफ ४, दोनतीन रांगांना ५.६ ते ८, आणि फोकस पहिल्या रांगेच्या जरा मागे. एका ग्रुपचे चारपाच फोटो सलग काढायचे कारण वीस माणसांत कुणीतरी डोळे मिटतंच. चष्मेवाल्यांना हनुवटी जराशी खाली घ्यायला सांग, काचेवरचा उजेड निघून जातो.

यादी मित्राकडूनच घे, कोण कोण कुणासोबत हवं ते नावासकट, आणि ती दहाबारा ग्रुपच्या वर जाऊ देऊ नकोस. एका ग्रुपला जमवाजमवीसकट तीन मिनिटं धर, म्हणजे बारा ग्रुपला छत्तीस मिनिटं, हे त्याला आधीच सांग म्हणजे तो वेळ मोकळा ठेवेल. आधी सगळ्यात मोठा ग्रुप घे, मग एकेकाला मोकळं करत लहानावर ये, वयस्कर माणसांना पहिल्या दोनतीन ग्रुपमध्येच उरकून बसू दे. आणि दोन्ही घरांतला एकेक खणखणीत आवाजाचा माणूस आधीच मागून घे, जो सगळ्यांना नावाने ओळखतो आणि कुणाच्याही दंडाला धरून आणू शकतो. हा माणूस तुझ्या कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाचा. पाहुणे तुझ्या बाजूला मोबाईल घेऊन उभे राहणार आणि निम्मी मंडळी त्यांच्याकडे बघणार, तेव्हा भांडू नकोस, "आधी माझा एक होऊ द्या, मग तुमची दोन मिनिटं" असं हसून म्हण, ऐकतात. व्हिडिओवाला असेल तर सुरुवातीलाच जाऊन ओळख करून घे आणि कोण कुठे उभा राहणार ते वाटून घे.

इथवरचं एकदा जोडून घे: मित्राशी स्पष्ट बोलणं, विधीचा क्रम, जागा त्याच वेळेला बघणं, दुसरी बॉडी, शटरचा आकडा, ग्रुपची यादी. लेन्स यात कुठेतरी सहाव्या-सातव्या नंबरवर आहे.

किरकोळ पण लागणाऱ्या गोष्टी. मिररलेसची बॅटरी कागदोपत्री बऱ्याचदा तीनचारशे फोटोंचीच असते, प्रत्यक्षात जास्त चालते पण तीन चार्ज केलेल्या ठेवच. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबी, दोन हजार फोटो म्हणजे ५०-६० जीबी. तुझ्या बॉडीला एकच स्लॉट असेल तर मी एका मोठ्या कार्डापेक्षा दोनतीन मध्यम कार्डं वापरेन, एक गेलं तरी सगळं लग्न जाणार नाही. माझ्या ओळखीचे काहीजण उलट म्हणतात, बदलताना कार्ड हरवतं, त्यांचंही चुकीचं नाही. मी रिकामी कार्डं डाव्या खिशात आणि भरलेली उजव्या, झिप असलेल्या खिशात ठेवते, आणि त्या खिशात दुसरं काही ठेवत नाही. दिवसभर उभं राहायचंय, जुने मळलेले बूट घाल, नवे नकोत, आणि वेळेत खाऊन घे, उपाशी माणसाचे फोटो संध्याकाळी आळशी होतात.

घरी आल्यावर बॅग ठेवायच्या आधी कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी कर, त्यातलं एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, आणि मित्राच्या हातात फोटो पडेपर्यंत कार्डं फॉरमॅट करू नकोस, कितीही गरज पडली तरी. मग दहापंधरा चांगले निवडून दोन दिवसांत पाठव, त्याने त्यांची उत्सुकता शमते आणि तुला बाकीच्यांसाठी शांतपणे वेळ मिळतो. निवडताना निर्दय हो, अठराशेतले चारशे पुरे. एकाच हसण्याचे सहा फोटो दिलेस तर त्यातला चांगला कुणाला दिसणारच नाही. मात्र घरातला प्रत्येक माणूस एकदा तरी आलाय ना, हे यादीवर बोट ठेवून तपास, फोटो थोडा डावा असला तरी त्या माणसाचा तेवढाच असेल तर तो जाऊ दे आत.

पुढचे दोन शनिवार-रविवार कुणाच्या तरी घरी रात्री जा, जेवताना, गप्पा मारताना, पोरं पळताना फोटो काढ, ५० वर आणि झूमवर. आणि लग्न आत आहे की उघड्यावर, किती वाजता, माणसं साधारण किती, आणि बॉडी कुठली, एवढं लिही, म्हणजे फ्लॅश न्यायचा की नाही हे मला नक्की सांगता येईल.